ग्राफिक्स कार्ड आणि तिसरी पिन

८ एप्रिल २००७, रविवार. कम्प्युटरचा डबा उघडून आतली धूळ काढायची होती. ओसरीत जुनं धोतर अंथरलं, डबा आडवा केला आणि मुलीनं बाजूच्या पत्र्याचे स्क्रू काढले. आत सोयाबीनच्या भुसकटाची धूळ, कोळ्याचं जाळं आणि पालीची वाळलेली अंडी. मी रंगाच्या कोरड्या ब्रशनं झाडायला लागले. डब्याची वायर भिंतीतून काढून माझ्या पायाशी ठेवलेली होती, तरी आत हात घालताना मी दर वेळी आधी बोटाची मागची बाजू लावून बघत होते. मुलगी हसली.

"मम्मी, वायर तुझ्याजवळच हाय नं. त्याच्यात करंट कुठून येईन?"

"येत नाही, हे माहीत आहे. तरी."

विजेची मला भीती वाटते, आणि ती ऐकीव नाही. मी आरोग्य उपकेंद्रात नर्स. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरला चिकटलेली माणसं जीपमध्ये आडवी घालून लोक माझ्याकडे आणत. बहुतेक वेळा मी करावं असं काही उरलेलं नसे. तळहातावर एक लहानसा करडा डाग, तळपायाला एक, बाकी माणूस झोपल्यासारखा. रक्त नाही, मोडतोड नाही. नातेवाईक म्हणायचे, सिस्टर, इंजेक्शन द्या, आत्ता तर बोलत होता. म्हणून आमच्या घरी दोन नियम होते. ओल्या पायानं बटणाला हात लावायचा नाही. आणि कम्प्युटरच्या मागं काही खोचायचं असेल तर आधी भिंतीवरचं बटण बंद करायचं. मुलगी दोन्ही पाळायची. तिनं ते पाळले नाहीत म्हणून काही झालं, असं नाही.

तिची दहावीची परीक्षा नुकती संपली होती. नांदेडच्या मामानं तिला गाड्यांच्या शर्यतीच्या गेमची सीडी दिली होती, पण आमच्या कम्प्युटरवर ती गेम अडखळायची. वळण आलं की चित्र थांबायचं, आणि पुन्हा सुटेपर्यंत हिची गाडी कठड्यावर आपटलेली असायची. तिला ग्राफिक्स कार्ड हवं होतं. चित्रं काढायचं सगळं काम त्या वेगळ्या कार्डावर टाकायचं, मग मशीनला तकलीफ राहत नाही, असं तिनं आम्हाला समजावून सांगितलं.

आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांनी विचारलं, "अभ्यासाला लागतं का ते?"

"न्हाई पप्पा. खेळायलाच लागतं."

ती खोटं बोलली नाही म्हणून मी हो म्हटलं. दुसऱ्या कोणी 'प्रोजेक्टसाठी' म्हणून सांगितलं असतं.

कोणतं कार्ड बसेल ते घरी कळेना. डब्यातल्या मोठ्या हिरव्या पाटीवर एक लांब तपकिरी खाच होती. मुलगी म्हणाली, नवी कार्डं त्या खाचेत बसत नाहीत, जुन्या पद्धतीचंच घ्यावं लागेल. डब्याला वीज पुरवणाऱ्या लोखंडी खोक्यावरचं, म्हणजे एसएमपीएसवरचं लेबल उंदरानं कुरतडलेलं, त्यामुळं त्याची ताकद किती तेही कळायला मार्ग नव्हता. मग मी ठरवलं, वर्णन सांगत बसण्यापेक्षा डबाच न्यायचा. रुग्ण न बघता औषध विचारायला येणाऱ्यांचा मला राग येतो, मी स्वतः ते कशी करणार?

सोमवारी दुपारी अंगणवाडीतलं वजनाचं काम उरकून आम्ही तिघं पुसेगावहून हिंगोलीला निघालो. डबा गोधडीत गुंडाळून मी मांडीवर घेतला होता. जीपवाला आरशातून बघत म्हणाला, "सिस्टर, पेशंट हाय का?"

"हो. धाप लागते त्याला. हळू चालव."

दुकानदारानं डबा उघडला, खाच बघितली आणि मुलीचं बरोबर असल्याचं सांगितलं. तशी कार्डं त्याच्याकडे दोनच उरली होती. एकाला पंखा नव्हता, ते साधं. दुसऱ्याला पंखा होता आणि त्याला थेट एसएमपीएसकडून वेगळी वायर लागायची. मुलीची नजर अर्थात पंख्याच्या कार्डावर.

"ये लगाओगे तो पुराना एसएमपीएस नहीं चलेगा," दुकानदार म्हणाला. "लोड पडला की जाईल. कधी कधी धूर पण निघतो."

धूर म्हटल्यावर मी पंख्याचं कार्ड त्याच्याकडं परत सरकवलं. "मग साधं द्या," मी म्हटलं.

"मम्मी, साध्यानं ती गेम अर्धीच चालती."

"अर्धी खेळ."

"अगं, आलोच आहोत तर बघून तर घेऊ," हे म्हणाले. एरवी अभ्यास अभ्यास करणारे हे दुकानात शिरल्यापासून त्या पंख्याकडंच बघत होते.

दुकानदारानं दोन एसएमपीएस समोर ठेवले. एकावर चकचकीत लेबल, त्यावर मोठा आकडा. दुसरा मळकट, आकडा लहान, आणि महाग. मी विचारलं, "आकडा लहान आणि भाव जास्त, हे कसं काय?"

"मॅडम, लेबल कोणीही छापतं. आत माल किती आहे ते बघायचं. हातात घेऊन बघा."

मी हातात घेतले. फरक वाटला, पण हाताच्या अंदाजावर माझा विश्वास नाही. लेकरू हातात घेऊन आयाही म्हणतात, बराबर हाय वजन. काट्याला टांगलं की कळतं. लेकरं तोलायचा ताणकाटा पिशवीत होताच. मी तो काढला, दुकानाच्या शटरच्या कडीला अडकवला, झोळी लावली आणि तिच्यात पहिला एसएमपीएस ठेवला.

"अगं, काय करतेस?" हे कुजबुजले.

बाजूच्या झेरॉक्सवाल्याकडची माणसं बघायला आली. त्यातला एक म्हणाला, "सिस्टर, डोसबी पाजा त्याला!"

चकचकीत लेबलवाला निघाला कुपोषित. मळकट दीडपटीहून जास्त भरला. मी मळकट घेतला आणि त्याच्या जिवावर पंख्याचं कार्ड. मुलगी इतकी खूश झाली की तिनं भर दुकानात माझा हात धरला, आणि असं ती करत नाही.

दुकानदारानं सगळं बसवून, चालवून दाखवलं. डबा परत गोधडीत गुंडाळताना त्यानं विचारलं, "घर में अर्थिंग बराबर है ना?"

"आहे ना," हे म्हणाले. "तीन भोकांचा सॉकेट आहे."

दुकानदारानं मान हलवली. मीही हलवली. आमच्याकडं सगळे असंच समजायचे. सॉकेटला तिसरं भोक असलं की घराला अर्थिंग आहे. त्या भोकामागं जमिनीत जाणारी वायर आहे की नाही, हे कोणी बघायला जात नव्हतं.

घरी गेम सुरेख चालली. गाड्यांच्या बोनेटवर ढगांची सावली सुद्धा दिसायची. यांनीही एकदा शर्यत लावली आणि दरीत गेले. मंगळवारी संध्याकाळी मुलगी म्हणाली, "मम्मी, डब्याला हात लावला का मुंग्या येतात."

मी तिथल्या तिथं वायर ओढून काढली.

ही गोष्ट मला पुढं महिनाभरानं नांदेडच्या एका इंजिनिअरनं समजावली. चांगल्या एसएमपीएसमध्ये एक गाळणी असते आणि तिच्यातली थोडीशी वीज पत्र्यावर उतरते. घराला खरी अर्थिंग असेल तर ती जमिनीत निघून जाते, कोणाला कळतही नाही. हलक्या मालात ती गाळणीच नसते, म्हणून जुना एसएमपीएस असताना डब्याला मुंग्या यायच्या नाहीत. पण त्या दिवशी मला एवढंच दिसलं की वजन करून आणलेली चीज माझ्या मुलीला चावते आहे.

मी माझ्या दिराला बोलावलं. वस्तीतली सगळी वायरिंग तोच करायचा. जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरायचा, कूलर दुरुस्त करायचा, चौदा एप्रिलच्या जयंतीची रोषणाई दरवर्षी त्याच्याच हातची. त्यानं सॉकेट उघडला. तिसऱ्या भोकाच्या स्क्रूला वायरच नव्हती.

"हे बघा वैनी. अर्थिंग न्हाई, म्हणून मुंग्या." त्यानं खिशातून लाल वायरीचा तुकडा काढला आणि तिसरं भोक न्यूट्रलला जोडून टाकलं. मग डब्यावर हाताचा पंजा ठेवून दाखवला. "गेल्या मुंग्या."

"भाऊजी, जमिनीत काही पुरायला नको का?"

"न्यूट्रल शेवटी डीपीपाशी, ट्रान्सफॉर्मरखाली जमिनीतच जाती नं? आपण हितंच जोडली. काय फरक पडून राहिला?"

घरात दोन वायरी येतात. एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते. परत जाणारी ती न्यूट्रल, तिला हात लावला तरी काही होत नाही. त्याचं बोलणं मला खोडता येईना, आणि मुंग्या तर खरंच गेल्या होत्या. तरी माझं मन घेईना. मुलगी कम्प्युटरपाशी बसली की मी स्वयंपाकघरातून कान तिकडं लावून असायचे. गेममधल्या गाडीचा आवाज थांबला की हातातलं काम टाकून बघायला जायचे. शेवटी मी तिला रबरी चप्पल घालूनच बसायची सक्ती केली.

"मैत्रिणी हसतेत मम्मी. घरात चप्पल घालून बसलीस काहून म्हणतेत."

"हसू दे."

शुक्रवारी तेरा तारीख. दुसऱ्या दिवशी जयंती. वस्तीत घराघरांत सारवणं, पुसणं, पांढरे कपडे इस्त्रीला, खिरीचं सामान. दीर दुपारपासून खांबाखाली होता. आमच्याकडं मीटर रीतसर होती, पण मीटरच्या वायरी खांबावरच्या उघड्या तारांवर आकडे टाकूनच अडकवलेल्या असायच्या, घराला दोन आकडे, एक वरच्या विजेच्या तारांपैकी एकीवर, दुसरा सगळ्यात खालच्या न्यूट्रलच्या तारेवर. एखाद्या तारेची लाईन गेली की लांब वाळक्या बांबूनं आकडा उचलायचा आणि चालू तारेवर टाकायचा. याला फेज बदलणं म्हणतात. त्यात कोणाला काही विशेष वाटत नसे. दिवेलागणीला रोषणाईच्या माळा लागल्या आणि आमच्या ओळीची तार गेली. दिरानं त्या तारेवरच्या, म्हणजे वस्तीतल्या बहुतेक घरांचे दोन्ही आकडे खाली घेतले आणि अंधुक उजेडात पुन्हा टाकले, एक चालू तारेवर, एक न्यूट्रलवर. लाईन आली. पोरांनी आरडाओरडा केला.

मी नुकतीच फरशी पुसली होती. ओल्या फरशीवर चपला नकोत म्हणून मुलीनं त्या दाराबाहेर काढलेल्या. तिला स्पीकर लावायचे होते, जयंतीची गाणी वाजवायला. ती मला म्हणाली, "मम्मी, बटण बंद हाय हं, बघ." मी बघितलं. बंद होतं. ती वाकली आणि तिनं डाव्या हातानं डबा धरून पुढं ओढला.

तिनं आवाज केला नाही. मी खिरीचं पातेलं उतरवत होते, मला तिची फक्त पाठ दिसत होती, आणि ती पाठ विचित्र ताठ झाली. खांदा थरथरत होता. मी ओळखलं. मी ही पाठ याआधी पाहिलेली नव्हती, मी नेहमी नंतर पोचायचे, तरी ओळखलं. माझा हात तिच्याकडं गेला होता. तो मी कसा मागं घेतला, ते मला सांगता येणार नाही. शिकलेलं होतं म्हणून घेतला असेल. बटणाकडं बघितलं, ते तर बंदच. मग मी डब्याची वायर मधेच, रबराच्या भागावर धरली आणि सगळं अंग टाकून ओढली. पिन सॉकेटमधून निघाली आणि मुलगी बाजूला पडली.

श्वास होता. नाडी लागली, पण मधेच एक ठोका चुकायची. मी मनगट सोडलं नाही. डाव्या हाताच्या बोटांवर तो करडा डाग होता. मी तिला पाय वर करायला लावून तळवे बघितले. उजव्या टाचेला लहानसा, मसुराएवढा.

"मम्मी, बटण बंद होतं नं?" ती म्हणाली. बोबडं बोलत होती, पण बोलली.

"होतं. तू बरोबर केलंस. बोलू नको."

यांना जीप आणायला पिटाळलं. दीर धावत आला, आणि त्याचं पहिलं वाक्य हेच, "बटण बंद असल्यावर करंट कसा लागन वैनी?"

"पिन लावा आणि टेस्टर लावून बघा. हात लावू नका."

त्यानं पिन लावली. बटण बंदच ठेवलं. टेस्टरचं टोक डब्याच्या पत्र्याला टेकवलं आणि टेस्टर पेटला. त्यानं दारात जाऊन खांबावरचे आकडे बघितले. परत येऊन त्यानं सांगितलं. आकडे टाकताना दोन वायरींची अदलाबदल झाली होती. परत जायच्या वायरीतून वीज येत होती. बल्बाला त्याचं काही नाही, तो उलटाही पेटतो. पण तिसरी पिन त्यानं त्याच वायरीला जोडलेली, आणि तिच्या वाटेत बटण नसतं. त्यामुळं बटण बंद असो की चालू, सगळा डबा वीजच झाला होता.

"भाऊजी, असा तुकडा अजून कुठं कुठं टाकलाय?"

त्यानं टेस्टर खिशात घातला.

"कुठं कुठं?"

"कूलरला. ह्या उन्हाळ्यात जेवढे कूलर बसवले, सगळ्याला. लोकं म्हणायचे पत्र्याला मुंग्या येतेत."

पत्र्याचे कूलर. पाणी भरलेले, खाली ओल, आणि गारव्याला पोरं त्यांना बिलगून बसलेली. आणि आकडे त्यानं आज बहुतेक सगळ्याच घरांचे बदललेले.

"बांबू घ्या आणि सगळे आकडे खाली घ्या. आत्ता."

"वैनी, उद्या जयंती हाय. लोकं मला..."

"माझं नाव सांगा."

जीप वस्तीतून निघाली तेव्हा मागं एकेक घर विझत होतं. मुलीचं डोकं माझ्या मांडीवर. हिंगोलीपर्यंत मी तिच्या मनगटावरची बोटं उचलली नाहीत. ठोका चुकला की पुढचा लागेपर्यंत मी आकडे मोजायचे. बाहेर कोणतं गाव गेलं ते मला कळलं नाही. हे पुढं जीपवाल्याशेजारी बसून सारखे मागं वळून बघत होते, आणि मी दर वेळी नुसती मान हलवत होते. त्या मानेचा अर्थ मला तरी कुठं माहीत होता?

दवाखान्यात ईसीजीची पट्टी निघाली. डॉक्टरांनी ती उजेडात धरली, पुन्हा एकदा काढायला लावली, थोडा वेळ थांबवून घेतलं आणि मग म्हणाले, ठीक आहे, घरी न्या. मला ते खरं वाटेना. मी पट्टी मागून घेतली आणि स्वतः बघितली. त्यातलं मला जेवढं कळतं तेवढ्यात तरी सगळं सरळ होतं.

परत आलो तर वस्ती अंधारात, माणसं बाहेर ओट्यांवर. मंडपापासून कोणीतरी मोठ्यानं बोललं, मला ऐकू जावं म्हणूनच, "सिस्टरच्या पोरीला गेम खेळायची होती, म्हून जयंतीला आमी अंधारात!"

"कूलर तरी चालू द्या बाई, लेकरं उकडून राहिलेत," दुसरं कोणी.

"उकडू द्या," मी म्हटलं. मुलीला घरात निजवलं आणि तिच्याजवळ बसून राहिले.

सकाळी ती उठली आणि आधी चहा मागितला, मग विचारलं, "कार्ड जळालं का गं?" मी म्हटलं, माहीत नाही, आणि आज कोणी बघणारही नाही. यांना तिच्यापाशी बसवलं. पांढरं पातळ नेसले, पिशवीत चिकटपट्टी, कात्री आणि स्क्रूड्रायव्हर टाकला आणि दिराला घेऊन वस्तीच्या टोकाच्या घरापासून सुरुवात केली.

प्रत्येक घरी एकच काम. सॉकेट उघडायचा, तिसऱ्या भोकातला तुकडा काढायचा, मीटरपासून दोन्ही वायरी हातानं चाचपत आकड्यापर्यंत न्यायच्या आणि न्यूट्रलच्या आकड्याला चिकटपट्टी गुंडाळायची, खालून दिसेल अशी जाड. दीर मान खाली घालून करत होता. लोक ऐकवत होते, तो ऐकून घेत होता.

एका घरी म्हातारी आत्याबाई दारातच उभी राहिली. "आज काय स्क्रू फिरवून राहिलीस बाई? झेंड्याला चल. समदे निघाले."

"कूलर दाखवा, आत्याबाई."

"त्याला मुंग्या येत होत्या. तुझ्या दिरानंच बंद केल्या. आता ह्यो तुकडा काढला का परत येतीन नं?"

"येतील. कूलरला हात लावू नका. आठ दिवसांत खड्डा खणून खरी अर्थिंग घालते, मग लावा."

"आठ दिवस गरमीत मरू का?"

"गरमीत कोणी मरत नाही एवढ्यानं," मी म्हटलं आणि तिच्या बाजूनं आत शिरले. कूलरखाली रात्रीचं पाणी साचलेलं होतं आणि तिची नातवंडं त्यात पाय सोडून बसली होती. पोरांना उठवलं, सॉकेट उघडला, लाल तुकडा कापून पिशवीत टाकला.

मंडपात बाजा सुरू झाला, सलामी झाली, लोक मिठाई वाटत परत यायला लागले. शेवटच्या घराची वायर झाली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. दिरानं बांबू उचलला. मी खांबाखाली, हातभर दूर, उभी राहिले.

"चिकटपट्टीचा आकडा खालच्या तारेवर," मी सांगितलं. "एक टाका, मला दाखवा, मग दुसरा."

त्यानं एक टाकला आणि माझ्याकडं बघितलं. मी बघून घेतलं आणि म्हटलं, "आता दुसरा."